खरा पुढारी कोणास म्हणावे?

वर्षारंभी वर्गनायकांची निवड होते, तेव्हा विद्यालयात दोन-चार दिवस मोठी गडबड असते. ज्यांच्या छातीवर बिल्ला चढतो त्यांस धन्यता वाटते. ज्यांस तो मिळत नाही ते हिरमुसले होतात. घरची वडीलधारी मंडळीही आपल्या पाल्याचा नंबर लागला की नाही याची आस्थेने चौकशी करतात. ही इच्छा वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. आपल्या मुलांनी पुढे यावे असे कोणास वाटणार नाही? परंतु पुढे येणे म्हणजे काय, याविषयी जी कल्पना समाजात रूढ आहे, ती आम्हांस घातक वाटते. ज्याच्या सोयीसाठी इतरांनी आपली गैरसोय करून घ्यावी तो पुढारी, असा सर्वसाधारण समज आहे. आमचे मत याच्या अगदी उलट आहे. इतरांच्या गरजेसाठी जो स्वतः बदलावयास तयार होतो, तोच खरा पुढारी होय.

हे मत आमच्या पदरचे नव्हे. योहानकृत शुभवर्तमानात शेवटच्या भोजनाच्या रात्रीची हकीगत आली आहे. धुळीच्या वाटेने आलेल्या पाहुण्यांचे पाय धुणे हे त्या काळी चाकरांचे काम होते. ते काम करण्यास शिष्यांपैकी कोणी उठला नाही. तेव्हा प्रभू येशू स्वतः उठला, कमरेस रुमाल बांधला आणि घंगाळात पाणी घेऊन एकेकाचे पाय धुऊ लागला. यात ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, आपण गुरू नाही असे तो म्हणाला नाही. गुरुपद त्याने सोडले नाही. ते पद कशासाठी असते एवढेच त्याने दाखविले. पुढे प्रेषित पौलानेही हाच कित्ता गिरविला. गमलिएलाच्या पायांशी बसून धर्मशास्त्र शिकलेला हा पंडित करिंथ नगरात राहुट्या शिवून पोट भरीत असे, आणि ज्या लोकांत जाई त्यांच्या रीतीभातींशी मिळूनमिसळून राही.

येथे कोणी शंका काढील की, वारा येईल तशी पाठ देणारा मनुष्यही बदलतच असतो. मग त्यासही पुढारी म्हणावे काय? शंका रास्त आहे. तिचे उत्तर मनुष्य कोणासाठी बदलतो आणि काय बदलतो, या दोन प्रश्नांत आहे. संधिसाधू मनुष्य स्वतःच्या लाभासाठी आपले तत्त्व बदलतो. सेवक दुसऱ्याच्या हितासाठी आपली पद्धत, आपली भाषा व आपली सोय बदलतो. तत्त्वास धक्का लागू देत नाही.

याचे उदाहरण शोधावयास दूर जाण्याचे कारण नाही. पंडिता रमाबाईंचे चरित्र आपल्या महाराष्ट्रातच घडले. १८५८ साली जन्मलेल्या या विदुषीस संस्कृत विद्येमुळे कलकत्त्याच्या पंडितांनी मोठा मान दिला होता. त्या कीर्तीवर त्या जन्मभर सुखाने राहू शकल्या असत्या. परंतु विधवांची दुर्दशा पाहून त्यांनी १८८९ साली मुंबईस शारदा सदन काढले व पुढच्याच वर्षी ते पुण्यास नेले. उच्चवर्णीय बालविधवांस शिक्षण द्यावे, एवढाच तेव्हाचा बेत होता. पुढे १८९६-९७ साली मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडला. रमाबाईंनी तरुणपणी दुष्काळातच आपले आईबाप गमावले होते. भूक म्हणजे काय हे त्यांस पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि शेकडो अनाथ मुलींस घेऊन आल्या.

या मुली नाना जातींच्या होत्या. कित्येकींस अक्षरओळखही नव्हती. ज्या संस्थेची आखणी थोड्या मुलींच्या विद्याभ्यासासाठी झाली होती, तिच्या दाराशी आता उपाशी मुलींचा समुदाय उभा राहिला. 'आमच्या संस्थेचा उद्देश निराळा आहे,' असे म्हणून दार लावून घेता आले असते, आणि नियमावर बोट ठेवणाऱ्यास ते शोभलेही असते. रमाबाईंनी मुलींना माघारी धाडले नाही. संस्थेचे रूपच बदलून टाकले. केडगावच्या माळावर मुक्तिसदन उभे राहिले. तेथे विहिरी खणल्या गेल्या, शेती होऊ लागली, माग चालू लागले, मुलींच्या हातांनी छापखाना चालला. आंधळ्या मुलींसाठी ब्रेल लिपीचे शिक्षण आले. संस्कृत पंडितेने धान्य, पाणी व औषध यांचा हिशेब शिकून घेतला. कारण समोर आलेल्या मुलींस त्या घटकेस श्लोकापेक्षा भाकरीची निकड होती.

त्यांनी बदलले नाही ते काय, हेही पाहिले पाहिजे. शारदा सदनात आपल्या खोलीत त्या प्रार्थना करीत, आणि खोलीचे दार उघडे असे. काही मुली आपण होऊन तेथे येऊन बसू लागल्या. यावरून १८९३ साली मोठा वाद माजला आणि सल्लागार मंडळातील नामांकित गृहस्थांनी संस्थेशी असलेला संबंध सोडला. त्या गृहस्थांचा हेतू आम्ही हीन मानीत नाही. त्यांस आपल्या समाजाची काळजी होती. परंतु थोरांचा आधार जातो म्हणून रमाबाईंनी प्रार्थनेचे दार लावून घेतले नाही. मुलींसाठी त्यांनी सर्व काही बदलले; लोकांच्या मर्जीसाठी श्रद्धा बदलली नाही. आयुष्याच्या उत्तरकाळी तर हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर त्यांनी सिद्धीस नेले. साध्या बायांस कळेल अशी भाषा असावी, हा त्यांचा कटाक्ष होता. १९२२ साली त्यांनी देह ठेवला. विद्वत्तेचा याहून नम्र उपयोग आम्हांस ठाऊक नाही.

रेव्हरंड ना. वा. टिळकांनीही हेच केले. आपल्या लोकांच्या कानास ओवी, अभंग व कीर्तन यांची गोडी आहे हे जाणून ख्रिस्ताची वार्ता त्यांनी त्याच सुरांत सांगितली. वार्ता तीच राहिली. ऐकणाऱ्याच्या अंगणात ती त्याच्या वेशाने गेली.

विद्यार्थिमित्रहो, केडगाव उभारणे सर्वांच्या वाट्यास येत नाही. परंतु खेड्यातून नुकताच आलेला आणि बोलण्यातील हेल ऐकून इतर हसतील या भयाने गप्प बसणारा सोबती प्रत्येक वर्गात असतो. त्याच्या बाकावर जाऊन बसण्यासाठी आपली नेहमीची जागा जो सोडतो, तापाने घरी पडलेल्या सोबत्यासाठी जो आपल्या खेळाची वेळ देऊन धडा उतरून काढतो, वर्ग झाडण्याची पाळी आली असता ज्यास आपल्या बिल्ल्याची आठवण होत नाही, तोच आमच्या मते वर्गाचा नायक. त्याच्या छातीवर बिल्ला असो वा नसो.

पालकवर्गासही आमची विनंती आहे. मूल घरी आले म्हणजे 'तुला कोणते पद मिळाले?' असे विचारण्याऐवजी 'आज कोणाचे ओझे हलके केलेस?' असे विचारीत जा. अभ्यासाच्या नावाखाली त्यास घरकामातून सूट देऊ नका. ज्या हाताने घरी कधी दुसऱ्याचे ताट उचलले नाही, तो उद्या समाजाचा भार कसा उचलणार? हा प्रश्न रोज विचारला गेला तर मूल एके दिवशी आपण होऊन उत्तर शोधू लागेल. आणि ते शोधण्यासाठी त्यास आजूबाजूस पाहावे लागेल. पुढारीपणाचा पहिला धडा तोच आहे.