खिडकीतून दिसलेला सूर्यास्त



जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आम्ही घरची अकरा माणसं गुहागरला जाऊन आलो. हॉटेलात आपल्या जेवणाची पंचाईत होते, म्हणून मुलाने स्वयंपाकघरासकट अख्खं घरच तीन दिवस भाड्याने घेतलं होतं.

घर खरोखर विचार करून बांधलेलं. गुहागरला रस्त्यापासून समुद्रापर्यंत नारळी-पोफळीच्या लांबट वाड्या आहेत, त्यातल्याच एकीच्या टोकाला. जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती, वर कौलं, समुद्राकडे रुंद पडवी. खिडक्या समोरासमोर, त्यामुळे दुपारीसुद्धा पंखा लावावा लागला नाही. खाऱ्या वाऱ्याने लोखंड गंजतं, म्हणून कड्या-बिजागऱ्या पितळेच्या. दाराबाहेर वाळूचे पाय धुवायला नळ. समुद्राच्या बाजूला रात्री दिवा नाही, कारण या किनाऱ्यावर कासवं अंडी घालतात आणि उजेड दिसला की पिल्लं समुद्राऐवजी तिकडे वळतात. हे ऐकून मला फार बरं वाटलं.

आणि स्वयंपाकघराची खिडकी थेट पश्चिमेला! मी सुनेला म्हटलं, "बघ, बायकांचा विचार केलाय."

तिथे त्या दिवसांत सव्वासहाच्या सुमारास सूर्य मावळतो. आपली जेवणं त्याआधी. पावणेसहाला पानं उठली, सगळे वाळूत पळाले आणि मी, जाऊबाई, सूनबाई कुकर-पातेली घासत उभ्या राहिलो. नात धावत आली, "आज्जी, चल ना, सूर्य बुडायला लागलाय!" मी म्हटलं, "मला इथून दिसतोय की." हात साबणात होते. तेवढ्यात तो बुडालासुद्धा.

तेव्हा लक्षात आलं, 41 वर्षांच्या संसारात गणपतीपुळे झालं, तारकर्ली झालं, पण वाळूत बसून सूर्यास्त मी एकदाही पाहिलेला नाही. ती वेळ आपली आवराआवरीची.

कॉमर्सची पदवी आहे, म्हणून रात्री किराणाच्या यादीमागे हिशेब मांडला. तिघी बायका, प्रत्येकी चार तास, म्हणजे बारा तास स्वयंपाकघरात. समुद्रावर शून्य. घर कितीही छान बांधा, ओट्यापाशी कोण उभं राहायचं हे काही घर बांधणारा ठरवत नाही.

कुणी म्हणेल, आपले नियमच तसे. मला हे पटत नाही. नियमाने सूर्यास्ताआधी जेवायला सांगितलं, पाच पदार्थ करायला सांगितलेले नाहीत. ते माझं मी ओढवून घेतलं. चार पिशव्या किराणा, वर दोन डबे चटण्या मीच नेल्या होत्या. कुणी मागितलं नव्हतं. प्रवासातही आई कसं सगळं करते, हे ऐकायची सवय लागली होती मला. आणि माझ्यापायी सूनही अडकली होती, याचं जास्त वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी मुगाची खिचडी, टोमॅटोचं सार, पापड. पाच वाजता जेवणं आणि ज्याचं ताट त्याने घासायचं. ह्यांनी थोडी कुरकुर केली, पण घासलं. कडेला साबण राहिला होता. मी पाहिलं आणि गप्प बसले.

पावणेसहाला आम्ही तिघी पाण्यात घोट्यापर्यंत उभ्या होतो. पाणी वाटलं होतं त्यापेक्षा कोमट होतं.

मैत्रिणींनो, सुट्टीसाठी घर घेताना स्वयंपाकघर आहे का, हे आपण विचारतोच. जेवणानंतर तिथे कोण थांबणार, हेही निघण्यापूर्वी घरच्यांना विचारा. आणि किराणाची एक पिशवी घरीच ठेवून जा.