शेतकरी आत्महत्या: मदत मिळते, पण घरच्यांच्या दुःखाचे काय?

शेतकरी आत्महत्येचे प्रकरण पात्र ठरले की राज्य सरकार कुटुंबाला १ लाख रुपयांची मदत देते. पैशांची गरज खरीच. पण सोयगाव तालुक्यातील फर्दापूर असो वा मराठवाड्यातील दुसरे गाव, तेराव्यानंतर पाहुणे परततात आणि दुःख घरातच राहते. २०१५ मध्ये सुरू झालेल्या सरकारच्या ‘प्रेरणा प्रकल्पा’त शेतकऱ्यांना समुपदेशन मिळते, त्याचा मुख्य भर आत्महत्या टाळण्यावर आहे. मागे राहिलेल्यांनाही समुपदेशनाची तितकीच गरज असते.

अशा दुःखात ‘मला आधी का कळले नाही?’ ही टोचणी आणि लोक काय म्हणतील याची भीती मिसळते. समुपदेशक दुःख विसरायला लावत नाही. तो ऐकून घेतो, अपराधीपणाची भावना कमी करायला आणि झोप, जेवण, कामाची घडी पुन्हा बसवायला मदत करतो.

मुले वेगळी वागतात. ती खेळतात, मध्येच चिडतात, अंथरूण ओले करतात, शाळा टाळतात. ‘बाबा गावाला गेले’ असे सांगू नका. ‘बाबा वारले, ते परत येणार नाहीत; यात तुझी काही चूक नाही,’ असे सोप्या शब्दांत सांगा. लहानग्यांशी समुपदेशक चित्रांतून, खेळांतून बोलतो.

बहुतेकांचे दुःख हळूहळू सौम्य होते. सहा महिन्यांनंतरही ते तितकेच तीव्र असेल, रोजची कामे होत नसतील, तर छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. जीव नकोसा वाटत असेल तर एक दिवसही थांबू नका. ‘टेली मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर २४ तासांत कधीही मराठीत बोलता येते.