गोष्टीतला तराजू आणि मुलाचा प्रश्न

पंचतंत्रातील पहिल्या तंत्राचा आरंभ एका व्यापाऱ्याच्या प्रवासाने होतो. वर्धमान नावाचा हा व्यापारी महिलारोप्य नगरातून माल घेऊन मथुरेच्या वाटेला लागतो. वाटेत त्याचा संजीवक नावाचा बैल जायबंदी होऊन मागे राहतो आणि त्या मागे राहिलेल्या बैलापासून सिंहाच्या दरबाराची सारी कथा उभी राहते. याच तंत्रात पुढे लोखंडी तराजूची गोष्ट येते. दिवस फिरलेला एक वाणीपुत्र परगावी जाताना वाडवडिलांचा लोखंडी तराजू एका शेठजीकडे ठेव म्हणून ठेवतो. परत येऊन तो मागतो तेव्हा शेठ सांगतो की तराजू उंदरांनी खाल्ला. वाणीपुत्र वाद घालत नाही. नदीवर स्नानाला जाताना तो शेठच्या मुलाला सोबत नेतो, गुहेत लपवतो, तोंडाशी मोठा दगड लावतो आणि परत येऊन सांगतो की मुलाला ससाण्याने उचलून नेले. प्रकरण न्यायासनापुढे जाते. उंदीर लोखंड खाऊ शकत असतील तर ससाण्यानेही मुलगा का नेऊ नये, या उत्तरावर सभा हसते. अखेर तराजू आणि मुलगा आपापल्या घरी परततात.

ही गोष्ट घराघरांत सांगितली जाते आणि बहुधा एका वाक्याने संपवली जाते : तात्पर्य, जशास तसे. सांगणाऱ्याच्या दृष्टीने काम झालेले असते. ऐकणाऱ्या सात वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने मात्र ते नुकते सुरू होत असते. उंदीर खरोखर लोखंड खातात का? गुहेत त्या मुलाला भीती वाटली असेल का? तराजू बापाने लपवला, मग शिक्षा मुलाला का? शेठ खोटे बोलला म्हणून वाण्यानेही खोटे बोलावे का?

यांतील पहिला प्रश्न निसर्गशास्त्राचा आहे. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, म्हणून त्याला सतत काही ना काही कुरतडावे लागते. लोखंड तो खाऊ शकत नाही, परंतु त्याच्या दातांच्या बाहेरच्या कठीण थरात लोहाचा अंश असतो आणि त्यामुळेच ते दात पिवळसर नारिंगी दिसतात. उंदराने लोखंड खाल्ले का, हे विचारायला निघालेले मूल उंदराच्या दातातच लोह असते या माहितीपाशी पोहोचते, तेव्हा त्याला होणारा आनंद कोणत्याही बक्षिसापेक्षा मोठा असतो. शेवटचा प्रश्न नीतीचा आहे. ठेव, वचन आणि पत यांवर ज्या घरांचा व्यवहार उभा आहे, त्या घरांत याहून महत्त्वाचा प्रश्न क्वचितच विचारला जात असेल. ‘जशास तसे’ या वाक्यात त्याचे उत्तर नाही. ‘झोप आता’ असे म्हटल्यावर तो प्रश्न कदाचित दुसऱ्या दिवशी विचारला जातो. असे दहा वेळा घडले की विचारला जाणे थांबते.

गंमत अशी की पंचतंत्राची रचनाच प्रश्नावर उभी आहे. अमरशक्ती राजाच्या तीन मंद पुत्रांना सहा महिन्यांत शहाणे करण्याचे वृद्ध विष्णुशर्मा पत्करतो, आणि त्यासाठी तो व्याख्यान न देता गोष्टी सांगतो. प्रत्येक गोष्टीच्या आधी एक पात्र एखादे सूचक वचन बोलते, दुसरे पात्र ‘ते कसे काय?’ असे विचारते, आणि मगच गोष्ट उलगडते. ऐकणाऱ्याने विचारल्याखेरीज सांगणारा पुढे जात नाही. ११९९ साली पूर्णभद्र या जैन मुनींनी या ग्रंथाची पाठशुद्धी करून त्याला विस्तृत रूप दिले. त्याच्या कितीतरी आधी तो पहलवी आणि तेथून अरबी भाषेत गेला होता. इतक्या देशांतल्या मुलांनी शतकानुशतके तो ऐकला. त्यांच्यासाठी प्रश्नाची जागा त्यात आरंभापासूनच राखून ठेवलेली होती. मुलांचे पुस्तक निवडताना हीच पहिली कसोटी ठरू शकते : पुस्तक मिटल्यावर मूल काही विचारते का?

गुजरातमधील गिजुभाई बधेका यांनी ही कसोटी शाळेच्या वर्गात लावली. वकिली करणारे गिजुभाई आपल्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करता करता मॉन्टेसरींच्या पद्धतीकडे वळले, १९१६ मध्ये भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गेले आणि १९२० मध्ये तेथे त्यांनी बालमंदिर सुरू केले. मराठी वाचकांना परिचित असलेल्या ताराबाई मोडक यांनी त्यांच्यासोबत तेथे काम केले आणि पुढे तोच विचार महाराष्ट्रात दादर, बोर्डी व कोसबाडपर्यंत आणला. गिजुभाईंच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकात एका काल्पनिक शिक्षकाच्या वर्षभराच्या प्रयोगाची कथा आहे. चौथीचा वर्ग हाती आलेला हा शिक्षक पहिल्या दिवशी शांततेचा खेळ घेऊ पाहतो आणि वर्गात गोंधळ माजतो. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगू लागतो आणि तीच मुले जागची हलत नाहीत.

त्या पुस्तकातील एक युक्ती व्यापारी कुटुंबांना विशेष पटावी अशी आहे. प्रत्येक मुलाने ठरलेली पाठ्यपुस्तके विकत आणण्याऐवजी तेच पैसे एकत्र करून वर्गासाठी वाचनालय उभारावे, असे तो शिक्षक सुचवतो. पालक साहजिकच कुरकुरतात. परंतु हिशेब मांडून पाहिला तर तो चोख आहे. चाळीस मुलांनी एकच पुस्तक घेतले तर वर्गात एकाच पुस्तकाच्या चाळीस प्रती होतात. त्याच रकमेत चाळीस वेगवेगळी पुस्तके आली तर प्रत्येक मुलाच्या वाट्याला चाळीस पुस्तके येतात. भांडवल तेच, उलाढाल कितीतरी पट. मालाची उलाढाल होत नसेल तर तो कितीही उंची असला तरी गोदाम अडवतो, हे ज्याला दुकानात कळते त्याच्याच घरी वाढदिवसाला आलेली रंगीत पुस्तके काचेच्या कपाटात कोरी राहिलेली दिसतात. फाटतील म्हणून ती मुलांच्या हाती दिली जात नाहीत. कोपरे दुमडलेले, पानांवर बोटांचे डाग पडलेले पुस्तक हेच खरे वसूल झालेले पुस्तक होय.

पुस्तके कोणती घ्यावीत, याचा शोध मराठीत फार लांब जाऊन घ्यावा लागत नाही. अगदी लहान मुलांसाठी माधुरी पुरंदरे यांची पुस्तके आहेत. त्या स्वतःच लिहितात आणि स्वतःच चित्रे काढतात, त्यामुळे शब्दांत न सांगितलेली कितीतरी गोष्ट चित्रात सापडते. ‘यश’च्या किंवा ‘राधाचं घर’मधल्या पुस्तकांत घरातलीच माणसे, घरातलेच रुसवे आणि घरातलेच शोध असतात. वाचता न येणारे मूलही चित्रात काहीतरी आधी पाहते आणि मोठ्यांना दाखवते. ते क्षणभर थांबून पाहण्याची तयारी वाचून दाखवणाऱ्याने ठेवली पाहिजे.

दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी भा. रा. भागवतांचा बनेश फेणे, अर्थात फास्टर फेणे आहे. फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवन शाळेत आलेला हा किडकिडीत मुलगा डोळे उघडे ठेवतो, इतरांना न दिसणारे त्याला दिसते आणि तो विचारल्याशिवाय राहत नाही. भागवतांनीच ज्यूल व्हर्नच्या विज्ञानकथा मराठीत आणल्या. त्या वाचून नकाशा उघडून बसलेली मुले आज आजोबा झाली आहेत. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते. त्याची किंमत आजही कोणत्याही कुटुंबाला परवडेल अशीच आहे.

हातांनी विचार करणाऱ्या मुलांसाठी अरविंद गुप्ता यांची पुस्तके आहेत. आयआयटी कानपूरमधून अभियंता झालेल्या गुप्तांनी टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करण्याला आयुष्य दिले आणि पुण्याच्या आयुकामधील मुलांच्या विज्ञान केंद्रात अनेक वर्षे काम केले. त्यांच्या सर्वांत गाजलेल्या प्रयोगांना काडेपेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी एवढेच भांडवल लागते. काड्यांची टोके नळीच्या तुकड्यांनी जोडून चौकोन केला आणि बोटाने दाबला तर तो कलतो. त्रिकोण केला तर तो ढळत नाही. एवढे करून पाहिलेले मूल पुढच्या वेळी वडिलांबरोबर गोदामात जाते तेव्हा मान वर करून छताखालच्या लोखंडी कैच्यांकडे पाहते, त्यांत त्रिकोण मोजते आणि ते तेथे का आहेत हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. पुस्तकाने त्याला गोदामाचे छत पाहायला शिकवले, जे त्याच्या घरच्यांनी वीस वर्षांत पाहिलेले नसते.

भाषेचा प्रश्नही टाळता येत नाही. अनेक घरांत आजी एका बोलीत बोलते, गिऱ्हाईक मराठीत बोलते आणि शाळा इंग्रजीत चालते. शाळेच्या भाषेतच पुस्तके घ्यावीत, म्हणजे गुण वाढतील, असा हिशेब सहज मांडला जातो. परंतु मूल ज्या भाषेत रुसते, भांडते आणि स्वप्न सांगते, त्या भाषेत त्याला प्रश्न अधिक मोकळेपणाने सुचतात. मराठी अक्षर अडखळत वाचणाऱ्या मुलाला मराठी गोष्ट वाचून दाखवता येते. दुकान वाढवून रात्री उशिरा येणाऱ्या वडिलांना रोज जमणार नाही, पण आजोबांना जमेल, आत्याला जमेल, सुटीच्या दिवशी वडिलांनाही जमेल. दोन गोष्टी तेवढ्या कटाक्षाने टाळाव्यात. वाचून झाल्यावर ‘काय शिकलास?’ अशी परीक्षा घेऊ नये. आणि प्रश्न आला की लगेच फोन पुढे करून उत्तर उरकू नये. ‘तुला काय वाटते?’ असे आधी विचारावे, मूल जे सांगेल ते ऐकावे, मग दोघांनी मिळून शोधावे. ‘मलाही ठाऊक नाही, पाहू या’ असे घरातील मोठ्या माणसाने म्हटलेले मुलाला फार आश्वासक वाटते.

गोष्टींच्या पुस्तकांनी धंद्यात काय पडते, असे विचारणारे वडीलधारे अजूनही भेटतात आणि त्यांची शंका अगदीच निराधार म्हणता येत नाही. अभ्यासाला वेळ लागतो, स्पर्धा कठीण आहे. तरीही दुकानाची दुसरी पिढी गल्ल्यावर बसते तेव्हा तिला पाठ केलेली उत्तरे फारशी उपयोगी पडत नाहीत. गिऱ्हाईक का तुटले, हा माल या गावात का खपत नाही, जुनी रीत अजून का चालू आहे, हे तिला स्वतः विचारावे लागते. लहानपणी ज्याचे प्रश्न कोणी ऐकले नाहीत, तो मोठेपणी खातेवही वाचू शकतो, पण तिला प्रश्न विचारू शकत नाही.

येत्या सुटीत एखाद्या गल्लीतील किंवा इमारतीतील दहा कुटुंबांनी ठरवून प्रत्येकी दहा वेगवेगळी पुस्तके घेतली, तर शंभर पुस्तकांचे वाचनालय उभे राहते. त्याला इमारत लागत नाही, एक पत्र्याची पेटी आणि एक वही पुरते. पेटी दर आठवड्याला एका घरातून दुसऱ्या घरी जावी. वहीत पुस्तक कोणाकडे आहे याची नोंद मुलांनीच ठेवावी, म्हणजे हिशेबाचाही श्रीगणेशा होईल. वहीत आणखी एक रकाना असावा : हे पुस्तक वाचून पडलेला प्रश्न. वर्षाअखेरीस त्या रकान्याकडे पाहिले की पेटीचा ताळेबंद कळेल.