कायद्याने चाचेगिरी संपवली? तारखा वेगळेच सांगतात

१/१० #धागा
इंटरनेटवरील चाचेगिरीचा इतिहास हल्ली एका दमात सांगितला जातो: तरुणांनी गाणी फुकटात पळवली, संगीत उद्योग बुडाला, मग कायद्याने बडगा उगारला आणि चोर वठणीवर आले. कथा सुटसुटीत आहे. परंतु ती जिथे घडली त्या अमेरिकेतील घटनाक्रमापुढे ती टिकत नाही.

२/१०
जून १९९९ मध्ये नॅपस्टर सुरू झाले आणि एकाच्या संगणकावरील गाणे दुसऱ्याला थेट मिळू लागले. डिसेंबरमध्ये ध्वनिमुद्रण कंपन्यांनी दावा ठोकला. फेब्रुवारी २००१ मध्ये अपील न्यायालयाचा कौल नॅपस्टरच्या विरोधात गेला. जुलैमध्ये ते बंद पडले. कायदा जिंकला. श्रोते मात्र काझासारख्या जाळ्यांकडे वळले, जिथे बंद पाडण्याजोगी मध्यवर्ती सूचीच नव्हती.

३/१०
'चोर' हा शब्द वापरायचाच, तर माप सर्वांना सारखे हवे. मे २००० मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने पाच बड्या कंपन्यांना सीडीच्या किमती चढ्या ठेवणाऱ्या जाहिरातविषयक अटी सोडायला लावल्या. ग्राहकांनी तीन वर्षांत ४८ कोटी डॉलरपर्यंत जादा मोजले असावेत, असा आयोगाचा अंदाज होता. २००२ मध्ये राज्यांच्या दाव्यात कंपन्या व काही विक्रेत्यांनी, दोष मान्य न करता, ६.७४ कोटी डॉलर रोख आणि ७.५७ कोटींच्या सीडी देऊन तडजोड केली. यांना मात्र कोणी चाचे म्हटले नाही.

४/१०
नॅपस्टर पाडल्यावर कंपन्यांनी स्वतःचे दुकान कसे मांडले? त्यांच्या प्रेसप्ले आणि म्युझिकनेट या सेवा मासिक शुल्काच्या आणि नाना निर्बंधांच्या होत्या. त्या चालल्या नाहीत. २८ एप्रिल २००३ रोजी ॲपलने आयट्यून्सचे दुकान उघडले: एक गाणे, ९९ सेंट. पहिल्याच आठवड्यात दहा लाखांहून अधिक गाणी विकली गेली. 'लोकांना फुकटच हवे असते' हा सिद्धांत एका आठवड्यात डळमळला.

५/१०
आता पुढची तारीख पाहा. ८ सप्टेंबर २००३: कंपन्यांच्या आरआयएए या संघटनेने २६१ सामान्य माणसांवर दावे लावले. म्हणजे सरळ विक्रीचा मार्ग डोळ्यांपुढे यशस्वी झालेला असताना! त्यांत न्यूयॉर्कमधील बारा वर्षांची एक मुलगी निघाली. २,००० डॉलर देऊन तिचे प्रकरण मिटवण्यात आले. एका वृद्धेवरचा दावा मागे घ्यावा लागला, कारण तिच्या मॅकिंटॉश संगणकावर काझा चालतच नव्हते.

६/१०
हे दावे इतके भयंकर का ठरले? अमेरिकी कायद्यात प्रत्येक कृतीमागे ७५० पासून १,५०,००० डॉलरपर्यंत भरपाई लावता येते. प्रत्यक्ष नुकसान सिद्ध करण्याची गरज नाही. मिनेसोटातील एका महिलेवर २४ गाण्यांसाठी पहिल्या ज्यूरीने २,२२,००० डॉलर लावले, दुसरीने १९,२०,०००, तिसरीने १५,००,०००. अखेर २०१२ मध्ये अपील न्यायालयाने २,२२,००० कायम केले. आयट्यून्सच्या दराने त्या गाण्यांची किंमत जेमतेम २४ डॉलर!

७/१०
आणि साध्य काय झाले? सुमारे ३५,००० लोकांना या मोहिमेची झळ बसल्यावर डिसेंबर २००८ मध्ये संघटनेने ती आवरती घेत असल्याचे जाहीर केले. विक्रीची घसरण थांबलेली नव्हती. मधल्या काळात, २००५ मध्ये, सोनी बीएमजीच्या सीडींनी ग्राहकांच्या संगणकांत गुपचूप सॉफ्टवेअर घुसवल्याचे उघडकीस आले. म्हणजे शिक्षा भोगली ती पैसे मोजून सीडी घेणाऱ्या प्रामाणिक ग्राहकाने.

८/१०
यावर रास्त आक्षेप येईल: वस्तू महाग आहे म्हणून ती उचलण्याचा हक्क मिळतो काय? मुळीच नाही. गायक, वादक, ध्वनिमुद्रक यांच्या श्रमांचे मोल बुडणे हे नुकसानच आहे आणि चाचेगिरीचा धंदा मांडणाऱ्यांना कायद्याने जरूर गाठावे. आक्षेप आहे तो नेम चुकण्यावर. हाताशी आले ते घरातले पोर, म्हणून दंड त्याच्या माथी.

९/१०
वारे फिरले ते स्ट्रीमिंगमुळे. २०१६ मध्ये अमेरिकेतील ध्वनिमुद्रित संगीताच्या उत्पन्नाचा निम्म्याहून अधिक वाटा तिथून आला. ज्या श्रोत्यांना चोर ठरवले होते, तेच दरमहा वर्गणी भरू लागले. माणसे बदलली नव्हती. दुकान बदलले होते.

१०/१०
हा हिशेब आपल्यालाही लागू आहे. भारताने २०२३ मध्ये सिनेमॅटोग्राफ कायदा दुरुस्त करून चित्रपटांच्या चोरट्या चित्रीकरणासाठी किमान तीन महिने ते तीन वर्षे कैद आणि किमान तीन लाख रुपये ते निर्मितिखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड ठेवला. कायदा हवाच, पण तो पडद्याआडच्या टोळीपर्यंत पोहोचतो की कोपऱ्यातल्या पोरावर संपतो, हे पाहत राहणे आपले काम. आणि त्याच्या यशाच्या कथा उद्या ऐकू येतील, तेव्हा आधी तारखा मागा.