आधी पाय, मग डोके

जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह औरंगाबादेत (आताचे छत्रपती संभाजीनगर) म्हणाले, डार्विनचे म्हणणे चूक आहे, माकडाचा माणूस होताना कोणी पाहिलेले नाही. देशातल्या तीन विज्ञान अकादमींनी एकत्र निवेदन काढून ते खोडले. पण "कोणी पाहिले?" हा प्रश्न आमच्या कबनूरच्या पारावर अजून निघतो.

पाहिले नाही, कबूल. (आजच्या माकडाचा माणूस झाला असे डार्विन म्हणालाच नव्हता, ते असो.) पण चालल्याच्या खुणा आहेत ना! टांझानियात लेटोली येथे १९७८ साली मेरी लीकी यांच्या चमूला ज्वालामुखीच्या राखेत उमटलेली पावले सापडली. सुमारे छत्तीस लाख वर्षांपूर्वीची. टाच खोल रुतलेली, अंगठा बोटांच्या रांगेत, हात टेकल्याची खूण नाही. इथिओपियात १९७४ साली मिळालेल्या 'ल्यूसी'चा गुडघा आणि कंबरही दोन पायांवर चालणाऱ्याचीच. तिच्या जातीचा मेंदू मात्र चिंपांझीपेक्षा फारसा मोठा नव्हता.

आपल्याला वाटते, माणूस शहाणा झाला आणि मग उभा राहिला. घडले उलटे. आधी पाय सरळ झाले, डोके लाखो वर्षांनी मोठे झाले. का उभा राहिला, यावर तज्ज्ञ अजून भांडतात. दोन पायांवर आपल्याला चिंपांझीपेक्षा पुष्कळ कमी शक्तीत चालता येते, हे एक कारण सांगतात.

त्याची किंमत कंबर मोजते. चार पायांवर तुळईसारखा आडवा असलेला कणा खांबासारखा उभा झाला, वरचा सगळा भार खालच्या मणक्यांवर आला. आमच्याकडे बारा तासांची पाळी मागापुढे उभ्याने काढणाऱ्या माणसाला हे वेगळे सांगावे लागत नाही.

म्हणूनच २०२३ साली एनसीईआरटीने दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती वगळली ते मला पटलेले नाही. म्हणे बारावीला आहे! दहावीनंतर कामाला लागणाऱ्या पोराने तो धडा कुठे वाचायचा? आपल्या राज्याच्या दहावीच्या पुस्तकात तो आहे, तिथून तो हलू नये. आणि शिकवताना फळ्यावर माकड काढत बसू नये. मुलांना ओल्या मातीत अनवाणी चालायला लावावे, टाच किती रुतली आणि अंगठा कुठे उमटला ते त्यांनाच बघू द्यावे.