माउस हलेना? आधी मागे पाहा!

भगिनींनो, नवा जुळवून घेतलेला कॉम्प्युटर घरी आला, हळदीकुंकू वाहून झालं, आणि माउस मात्र ढिम्म! लगेच दुसरा आणायला धावू नका.

माउस उलटा करा. तारेचा असेल तर बहुतेकांच्या पोटाशी दिवा लागतो. तो नसेल तर पिन कॅबिनेटच्या मागच्या खाचेत लावा. मागच्या खाचा थेट मदरबोर्डवर असतात. पुढच्या मात्र आतल्या वायरीने जोडाव्या लागतात, आणि जुळणीच्या घाईत नेमकी तीच राहून जाते! मागे चालला, तर ‘पुढची यूएसबी वायर जोडून द्या’ असं जुळवणाऱ्याला बजावा. त्याचे जादा पैसे मुळीच देऊ नका.

बिनतारी असेल तर खालचं बटण, सेलजवळची प्लॅस्टिकची पट्टी आणि सेलच्या खणात दडलेला इवलासा रिसीव्हर आठवणीने बघा.

तरीही चालेना? शेजारणीच्या कॉम्प्युटरला लावून पाहा. तिथेही मुका राहिला, तर पावती घेऊन दुकान गाठा. तिथे चालला, तर मात्र खोट आपल्या यंत्रात. मग कारागिराला बोलवा, पण माउस फेकू नका!