हौस आणि हाव

गेल्या दिवाळीत एका स्नेह्यांकडे फराळाला गेलो, तेव्हा चिवड्याच्या बशीआधी त्यांनी मला दिवाणखान्यातली काचेची पेटी दाखवली. खाऱ्या पाण्यात बोटाएवढे सात मासे. अंगावर मोरपिसासारखी निळी-हिरवी झाक. "हे क्रोमिस! निसर्गाची फार हौस हो आम्हांला," ते म्हणाले.

या हौसेशीच माझे भांडण आहे.

हा मासा एकट्यादुकट्याने राहणारा नव्हे. हिंदी आणि प्रशांत महासागरांत, आपल्या लक्षद्वीप-अंदमानातही, त्याचे थवे फांद्यांच्या प्रवाळावर संसार थाटतात. दिवसा वरच्या पाण्यातले सूक्ष्म जीव टिपायचे, शत्रूची चाहूल लागताच साऱ्यांनी फांद्यांत शिरायचे, रात्री तिथेच विसावायचे. पण हे फुकटे भाडेकरू नव्हेत! त्यांच्या उत्सर्गातले नत्र प्रवाळाला खत होते. आणि रात्री फांद्यांमधला प्राणवायू उणा पडू लागला, की झोपेतही हलणारे त्यांचे पर पाणी खेळते ठेवतात.

असल्या घरातून त्याला उपटून आणायचे, ते कशासाठी? तर आपल्या सोफ्याला शोभा म्हणून! शोभेच्या सागरी माशांत सर्वांत जास्त खपणाऱ्यांपैकी हा एक, आणि बहुतेक सारा समुद्रातूनच धरलेला. फिलिपिन्समध्ये १९६० च्या दशकापासून शोभेचे मासे धरायला सायनाइड फवारू लागले. १९७५ मध्ये कायद्याने बंदी आली, तरी चोरटा धंदा चालूच राहिला. मासा झिंगून हाती लागतो. मागे प्रवाळ मरते.

"मग कोळ्यांनी खायचे काय?" असे कोणी विचारील. कोळ्याशी माझा तंटा नाही. लक्षद्वीपचे कोळी कुपा मासा गळाला लावण्यासाठी असले लहान मासे जिवंत आमिष म्हणून वापरतात. तिथेही जपूनच धरायला हवेत. पण ती पोटाची गरज आहे. आपली कोणती? १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ साली समुद्र तापून लक्षद्वीपचे प्रवाळ पांढरे पडले. अशा आजाऱ्याच्या उशाचे पाणी तरी आपण पळवू नये!

शिमग्याला पुन्हा त्या घरी गेलो. सातांतले दोनच उरले होते. अपुऱ्या जागेत हे मासे एकमेकांना टोचून टोचून मारतात.

"नवे आणू की!" स्नेही हसत म्हणाले.

कुठून, ते त्यांनी विचारले नाही. म्हणून मी विचारतो आहे.